सोनं खरं, नाणं खोटं

(वाचकांचे प्रश्न, मालवणच्या एका सोनाराची उत्तरं)

या महिन्यात चौदा पत्रं आली. त्यातल्या नऊ जणांना एवढंच हवंय की सोबतचा फोटो बघून नाणं खरं की खोटं ते कळवा. फोटोवरून मी माझ्या सख्ख्या भावाचं नाणंसुद्धा पारखत नाही. मालवणच्या बाजारात आमचं तीन पिढ्यांचं दुकान. त्याशिवाय सव्वीस वर्षं मी एका बँकेत सोनेतारणाचे दागिने तपासून दिले. वस्तू हातात न घेता मोल सांगायची खोड तिथेच मोडली. तेव्हा ज्यांनी वजन, माप, अक्षरं नीट लिहून पाठवली आहेत, त्यांचीच पत्रं घेतो. बाकीच्यांनी रागावू नये.

आजीची पुतळ्यांची माळ माझ्याकडे आली आहे. एकवीस पुतळ्या आहेत. चिपळूणला एका सराफाने सांगितलं, जुन्या आहेत, वितळवून नवीन काहीतरी करा. चुलतभाऊ म्हणतो या परदेशी मोहरा आहेत, मी दुबईला घेऊन जातो, तिकडे चांगली किंमत येईल. काही पुतळ्यांवर दोन माणसं स्पष्ट दिसतात, काहींवर नुसत्या रेघा आहेत. कोणाचं ऐकू? (एक वाचक, गुहागर)

ताई, दोघांचंही ऐकू नका. माळ आधी कपाटात ठेवा आणि मग हे वाचा.

पुतळी हा दागिना आपला असला तरी मूळ नाणं व्हेनिसचं, तिकडे त्याला डुकाट म्हणत. १२८४ साली ते पहिल्यांदा पाडलं गेलं आणि १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत त्यावरचं चित्र जवळजवळ तेच राहिलं. पाचशे वर्षं चित्र बदललं नाही, म्हणून जगभरचे व्यापारी ते डोळे झाकून घेत. अलेक्झांड्रियाहून तांबड्या समुद्रातून ही नाणी आपल्या बंदरांत येत. मिरी आणि कापड न्यायला तिकडच्यांना हवंच असे, पण इथे खपेल असा माल त्यांच्याकडे बेताचा, मग सोनं मोजावं लागे. धोपाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलात की पलीकडे दाभोळ. आज तिथे उतरल्यावर वाटणार नाही, पण १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी जाळलं तेव्हा ते या किनाऱ्यावरचं बडं बंदर होतं. म्हणून तुमच्या आजीच्या गळ्यात व्हेनिसचं सोनं असलं तर मला नवल नाही वाटणार.

आता दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि ज्या पुतळीवर माणसं स्पष्ट आहेत ती उजेडात तिरपी धरा. डावीकडे दाढीवाला संत उभा दिसेल, तो सेंट मार्क. उजवीकडे गुडघे टेकलेला माणूस म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, डोज. दोघांच्या मधोमध निशाणाची काठी, आणि काठीला लागून वरून खाली तीन रोमन अक्षरं, डी, व्ही, एक्स. काठावर संताच्या बाजूला एस. एम. व्हेनेटी आणि दुसऱ्या बाजूला त्या त्या डोजचं नाव. नाणं उलटा. बदामाच्या आकाराचं एक कडं, त्यात चांदण्या, आणि चांदण्यांत उभा येशू. ही अक्षरं वाचता आली, सोनं जवळजवळ चोख निघालं आणि कडीशिवाय वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरलं, तर ती पुतळी व्हेनिसची असायचा संभव चांगला. पत्रा इतका पातळ आणि मऊ असतो की चिमटीत वाकेल. वाकवून बघू मात्र नका.

ज्यांच्यावर नुसत्या रेघा आहेत त्या इथल्या. त्यांना लगेच खोट्या म्हणू नका, मला वाईट वाटेल. माझ्या आजोबांचा पुतळीचा ठसा अजून आमच्या गल्ल्याच्या खणात आहे. कोणा गिऱ्हाइकाची पुतळी समोर ठेवून त्यांनी तो लोखंडात कोरला. रोमन अक्षर त्यांना एकही येत नव्हतं, म्हणून अक्षरांच्या जागी उभ्या काड्या आणि ठिपके मारले. संताच्या दाढीचं त्यांनी उपरणं केलंय. निशाणाच्या काठीला पानं फुटली आहेत, कारण ते झाड आहे असं त्यांना वाटलं असावं. अशा नकला या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या झाल्या, कधी मूळ नाण्याइतक्याच चोख सोन्याच्या, कधी हलक्या. माळेला पुतळ्या कमी पडल्या की सोनार पाडून देई. यात कोणी कोणाला फसवत नव्हतं. आज ती नक्कल कोणी व्हेनिसची म्हणून तुमच्या गळ्यात मारली, तर मात्र ती फसवणूक.

तिसरा प्रकार वाईट, तो म्हणजे ओतीव. खऱ्या पुतळीचा साचा घेऊन त्यात सोनं ओततात. अक्षरं वाचता येतात, पण साबणाच्या वडीवरच्या नावासारखी कडा गेलेली, बोथट. भिंगाखाली मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतील. वितळलेल्या सोन्यातली हवा निघताना राहतात ते. ठशावर घण मारून पाडलेल्या नाण्यात असे खड्डे येत नाहीत.

एकवीसच्या एकवीस पुतळ्या वेगवेगळ्या तोला आणि वहीत लिहून ठेवा. रेशीम स्वतः कापू नका, पटवेकऱ्याकडून सोडवून घ्या. चिंच, रिठा, टूथपेस्ट काही लावू नका आणि सराफाला उजाळा देऊ देऊ नका. कडीला डाख, म्हणजे जोडाचा धातू, लागलेला असल्यामुळे संग्राहकाच्या लेखी किंमत आधीच उतरली आहे, त्यावर उजाळा दिलात तर उरलेलीही गेली. सराफाचा सल्ला त्याच्या धंद्याला धरून आहे, त्याचा हिशोब वजनाचा. पण व्हेनिसची पुतळी मुशीत गेली की ती परत येत नाही.

आणि चुलतभावाला सांगा, शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याने गुन्हा आहे. विमानतळावर तो अडकेल आणि माळही अडकेल.

एका प्रदर्शनात शिवरायांचा होन घेतला. चाळीस हजार मोजले. सोबत प्रमाणपत्र आहे. आमच्या सराफाने कस लावून २२ कॅरेट खरं सोनं असल्याचं सांगितलं. वजन ३.४ ग्रॅम, व्यास १८ मिलिमीटर. तरी मनात शंका आहे. (आंबा बागायतदार, देवगड)

शंका बरोबर आहे. वाईट वाटतं, पण तुमच्याकडे चांगल्या सोन्याचं लॉकेट आहे.

राज्याभिषेक ६ जून १६७४चा. त्या वेळच्या होनावर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. वजन पावणेतीन ग्रॅमच्या जवळपास आणि आकार सदऱ्याच्या बटणाएवढा, साधारण १३ मिलिमीटर. तुमचा होन थोरला आहे, इतका फरक झिजेने पडत नाही. आणि झीज वजन कमी करते, वाढवत कधीच नाही. आज अस्सल होन जगात बोटांवर मोजण्याइतके. एखादा बाहेर आला तर त्याची चर्चा महाराष्ट्रभर होते, तो प्रदर्शनातल्या टेबलावर चाळीस हजारांत पडून राहत नाही. प्रमाणपत्र नीट वाचा. त्यात सोन्याची शुद्धता लिहिली असेल, ती खरीही असेल. तो कागद सोन्याबद्दल बोलतो, नाण्याबद्दल गप्प आहे.

मी हे शहाणपणा मिरवायला लिहीत नाही, मीही घेतलाय. पस्तिशीतला होतो. घाटावरच्या एका गावी लग्नाला गेलो असताना एका माणसाने कापडाच्या घडीतून होन काढून दाखवला. वजन बरोबर, आकार बरोबर. कसोटीवर रेघ ओढली, तेजाब सोडलं, रेघ हलली नाही. मी सोनार, माझा हात त्या रेघेवर विश्वासला. घराची कौलं परतायला बाजूला काढलेले पैसे त्याला दिले. त्या पावसात माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवली होती, आणि बायकोने प्रत्येक पातेलं ठेवताना होनाचं नाव घेतलं.

दोन वर्षांनी पुण्यात एका जुन्या संग्राहकांकडे बसलो होतो. त्यांनी हसत एक डबी उघडली. आत माझाच होन. ‘शि’च्या वेलांटीच्या टोकाला माझ्या होनावर एक बारीक कोच होता, तो त्यांच्याही होनावर. ‘राजा’ची शेवटची रेघ माझ्या होनावर काठाबाहेर अर्धी गेलेली, त्यांच्याही तेवढीच. आता हाताने पाडलेल्या नाण्याचा विचार करा. ठसा मोठा, खाली ठेवलेला सोन्याचा तुकडा लहान. दर वेळी तुकडा थोडा इकडे तिकडे सरकतो, घणाचा ठोका कमीजास्त बसतो. एकाच ठशाची दोन नाणी सख्ख्या भावंडांसारखी असतात, पण तीळसुद्धा त्याच जागी असलेली जुळी नसतात. एक कोच आणि एकच तुटलेली रेघ दोन नाण्यांवर दिसली, म्हणजे दोन्ही एकाच साच्यातून आली. त्यांनी सांगितलं, त्यांनी पाहिलेला असा हा चौथा.

माझा होन आता आजोबांच्या ठशाशेजारी त्याच खणात असतो. तुमचा विकायचा असेल तर सोन्याच्या भावाने विका. दुसऱ्या कोणाला होन म्हणून विकू नका.

वडील मुंबईला गिरणीत होते. त्यांनी ठेवलेल्या घोडेस्वाराच्या दोन गिन्या आहेत, दोन्हींवर १९१८ साल. एकीचं वजन ७.९८, दुसरीचं ८.३१ ग्रॅम. दुकानातल्या कॅरेट मशीनवर पहिली ९१.६ दाखवते, दुसरी ९१.९. घरच्या घरी तपासता येतील का? (निवृत्त शिक्षक, अलिबाग)

गुरुजी, तुमचं पत्र सगळ्यांत नेटकं.

आपण जिला गिनी म्हणतो ते ब्रिटिश सॉव्हरिन. गिनी हे त्याच्या आधीचं वेगळं नाणं, पण कोकणात सॉव्हरिन म्हटलं तर कोणाला कळणार? वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, सोनं २२ कॅरेट, म्हणजे शंभरात साधारण ९१.६ भाग. घोड्यावरून राक्षसाला मारणारा वीर म्हणजे सेंट जॉर्ज. पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराचं हे काम, पहिल्यांदा १८१७ साली आलं. उजवीकडे जमिनीच्या रेषेखाली त्याची बी. पी. ही आद्याक्षरं असतात. नकली गिनीत ती बऱ्याचदा दोन ठिपक्यांसारखी दिसतात.

तुमच्या सालाची एक गंमत आहे. १९१८ साली लंडनच्या टांकसाळीने सॉव्हरिन पाडलीच नाहीत. त्या वर्षीची सगळी सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि आपल्या मुंबईची. मुंबईला फक्त त्याच सालची पाडली, सुमारे तेरा लाख. प्रत्येक टांकसाळीचं अक्षर सालाच्या बरोबर वर, घोड्याच्या खुरांखालच्या जमिनीवर असतं, मुंबईचं आय. भिंग घेऊन बघा. तिथे कुठलंच अक्षर नसेल, तर सोनं कितीही खरं असो, ते नाणं टांकसाळीतलं नाही.

मशीनवर फार विसंबू नका. ते वरच्या पातळ थराचं सोनं वाचतं, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. त्यापेक्षा पाण्यात तोला. ग्रॅमचा शंभरावा हिस्सा दाखवणारा लहान काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. गिनीला शिवायचा दोरा बांधा आणि ती पूर्ण बुडेल पण तळाला आणि बाजूला टेकणार नाही अशी हातात धरा. दोन मिनिटं हात स्थिर ठेवा, बुडबुडा चिकटला असेल तर झटका. पहिली गिनी खरी असेल तर काटा ०.४५ दाखवेल, दुसरीला थोडं जास्त. मुलामा दिलेलं पितळ असेल तर ०.९ च्या वर जाईल, चांदी असेल तर पाऊण ग्रॅमच्या पुढे, अठरा कॅरेटची असेल तर ०.५१. शाळेत मुलांना आर्किमिडीज शिकवलात तोच हा. होन किंवा पुतळी अशी तपासायला जाऊ नका. त्यांचा आकडा पंधरा-अठरा शतांशांवर येतो, तिथे काट्याची एका घराची चूकही घोळ करते.

दुसरी गिनी जास्त भरते याचं कारण बहुधा साधं आहे. वडिलांनी किंवा आईने ती कधीतरी गळ्यात घातली असेल. राजाच्या डोक्याच्या वरचा काठ बोटाने चाचपा. काठावरचे दाते तिथे गुळगुळीत लागले, तर कडी काढल्यावर उरलेला डाख तो. सोनाराने तो घासायला घेतला तर देऊ नका, दाते जातील.

आता मनाला लागणारी गोष्ट. वजन, पाणी, मशीन सगळं जुळलं तरी गिनी खोटी असू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत मिलानला एका माणसाने सॉव्हरिन पाडायचा कारखानाच काढला होता, पुढे बैरूतमध्येही तोच धंदा चालला. सोनं पूर्ण घालत. तरी नफा कसा? त्या काळी लोक सॉव्हरिनला आतल्या सोन्यापेक्षा जास्त पैसे मोजत होते, तो वरचा पैसा यांचा. १९५७ साली ब्रिटिश टांकसाळीने सॉव्हरिन पुन्हा पाडायला घेतली, त्यामागे या नकलांना आळा घालणं हेही एक कारण होतं. बँकेत माझ्यासमोर अशा दोन-तीन आल्या. तारण ठेवणाऱ्या देवबागच्या आजी विचारत, “भाऊनु, सोन्याचां आसा मा?” सोन्याचंच होतं. कर्ज सोन्यावर मिळतं, मी सही केली.

श्रीरामाचा दरबार आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असं नाणं आमच्याकडे आहे. एक जण फोनवर एक कोटी द्यायला तयार आहे, आधी नोंदणीचे पाच हजार भरायला सांगतो. (रत्नागिरी)

पाच हजार भरू नका. कंपनी सरकारने राम, हनुमान असलेली नाणी कधी काढली नाहीत. हे टाक जत्रेत किलोवर मिळतात. अशा नाण्याकडे तांदूळ खेचले जातात असं कोणी दाखवलं तर दार लावा आणि पोलिसांना फोन करा. देवघरात ठेवून पूजा करायला हरकत नाही.

मित्राच्या बागेत कलमांसाठी खड्डे काढताना मडकं लागलं, आत लहान सोन्याची नाणी आहेत. त्याने काय करावं? (कणकवली)

‘मित्राने’ जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं. काय सापडलं, कुठे, कुठल्या तारखेला, हे त्यात लिहावं. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि त्याची मर्यादा दहा रुपये आहे, म्हणजे सोन्याचा कणही त्यात आला. लोक घाबरतात की सरकार सगळं घेईल. कायदा तसा नाही. दुसरा कोणी हक्कदार पुढे आला नाही, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारने घ्यायचं ठरवलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेतं. लपवलं तर मात्र हिस्सा जातो आणि वर्षभराची कैद होऊ शकते. गडी चार असतील तर बातमी आत्तापर्यंत फोंडाघाट चढून गेली असेल, तेव्हा उशीर नको. मडक्याच्या खापऱ्या फेकू नका, नाणी धुऊ नका. मडकं कुठल्या काळाचं त्यावरून नाण्यांचं बरंच कळतं.

मी नववीत आहे. मला सोन्याची जुनी नाणी जमवायची आहेत. सुरुवात कशी करू? साठवलेले दोन हजार रुपये आहेत. (शिरोडा)

अरे, दोन हजारांत सोनं येणार नाही हे बरंच झालं. शिवराई या तांब्याच्या नाण्यापासून सुरू कर. तीच अक्षरं, ‘श्री राजा शिव’, ‘छत्र पति’. शेकडो प्रकारची वळणं, आणि परवडते. एक बरं भिंग, एक काटा आणि एक वही घे, उरलेल्या पैशांत दोन शिवराया. त्यांची अक्षरं वहीत स्वतः काढ, छापील नको, हाताने. ‘श’ कसा वळतो, रेघ कुठे जाड होते, हे हाताला कळलं की पुढे होन बघताना डोळा आपोआप अडखळेल. माझा अडखळला नाही, कारण मी अक्षर बघितलंच नाही, मी फक्त कस बघितला.

मालवणला आलास तर दुकानात ये. ठसा आणि माझा होन दोन्ही हातात देईन, भिंग तुझं आण. एक ते चार मात्र येऊ नको, मी झोपतो.